इराणी: निघून गेलेल्यांचं आडनाव

शाळेत हजेरी घेताना बाईंनी ‘इराणी’ म्हटलं की मागच्या बाकावरून हमखास दबक्या आवाजात यायचं, ‘एक बन मस्का!’ वर्ग हसायचा. तो मुलगा मुकाट्यानं ‘हजर’ म्हणून खाली बसायचा. एकदा मात्र मधल्या सुट्टीत तो उखडला. म्हणाला, “हॉटेल कुणाचं रे? माझे आजोबा रेल्वेत होते. आणि इराण मी नकाशात पाहिलाय, तुझ्याइतकाच.”

तेव्हा आम्ही तो विषय हसण्यावारी नेला. पण विचार केला तर प्रश्न गमतीशीर आहे. देशाचं नाव हेच आडनाव असलेला माणूस त्या देशात कशाला सापडेल? इराणमध्ये तर सगळेच इराणी. मंगेशीत राहणाऱ्या माणसाला मंगेशकर म्हणवून घ्यायचं काही कारण नसतं. गाव सोडून नाटक कंपनीबरोबर हिंडणाऱ्या दीनानाथांना ते असतं. गावाचं नाव अंगाला चिकटतं ते गावाबाहेर पडल्यावर. ‘इराणी’चंही तसंच आहे, फक्त इथं गावाच्या जागी अख्खा देश आहे.

आधी शब्द उघडून बघू. फारसीत हे नाव सहा अक्षरांत लिहितात: अलिफ, ये, रे, अलिफ, नून, ये. पहिली पाच मिळून देश झाला. उरलेली शेवटची ‘ये’ म्हणजे आपला दीर्घ ई. ‘तिथला’, ‘त्याचा’ हा अर्थ त्या एका अक्षरात आहे. शिराझचा तो शिराझी, तेहरानचा तो तेहरानी, केरमानचा तो केरमानी. मराठीला हा ई अनोळखी नाही. पैठणी, कोल्हापुरी, बनारसी यांत तो हेच काम करतो. फरक इतकाच की आपण तो जास्त करून लुगड्यांना आणि चपलांना लावतो, माणसांसाठी ‘कर’ राखून ठेवतो.

‘इराण’ हा शब्द जुन्या ‘एरान’वरून आला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ससानी घराण्याचा पहिला राजा अर्दशीर स्वतःला ‘एरानचा शहेनशहा’ म्हणवायचा. एरान म्हणजे आर्यांचा देश. हा आर्य आणि संस्कृतातला आर्य एकाच मुळाचे. युरोपात पुढं या शब्दावर जे वंशाचं खूळ चढलं ते इथं आणायचं कारण नाही. त्या लोकांचं ते स्वतःला दिलेलं साधं नाव होतं. त्याच्याही सुमारे सातशे वर्षं आधी, नक्श-ए-रुस्तम इथल्या कड्यात कोरलेल्या आपल्या कबरीवर सम्राट दारयवहूनं (ग्रीकांचा दरायस) स्वतःची ओळख लिहून ठेवली आहे: मी पार्स, पार्साचा मुलगा, आर्य, आर्य वंशाचा. गंमत बघा, ‘पारसी’ आणि ‘इराणी’ ही आपल्याकडची दोन्ही नावं ज्या दोन शब्दांतून निघाली ते त्या एकाच कड्यावर शेजारी शेजारी बसले आहेत.

म्हणजे ‘पारसी’ हाही त्याच साच्यातला शब्द. पार्स (आजचा फार्स) हा दक्षिण इराणातला प्रांत, त्याला लागलेला ई. हजार-बाराशे वर्षांपूर्वी गुजरातेतल्या संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जरथुष्ट्री लोकांना प्रांताचं नाव मिळालं. त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या त्यांच्याच धर्मबांधवांना देशाचं मिळालं. धर्म एक, अग्यारी एक. आडनाव मात्र वेगळं, कारण बोट वेगळ्या काळातली.

जाता जाता ‘ण’बद्दल. फारसीत ण हा उच्चारच नाही. गुजरातीतही ईरान, ईरानी असंच लिहितात. ण आपला. ‘पठान’चा पठाण केला तसा ‘ईरान’चा इराण केला. मुंबई-पुण्यातले बहुतेक इराणी घरात गुजराती बोलतात, तेव्हा ते स्वतःचं आडनाव न लावून उच्चारतात आणि शेजारचे जोशी ण लावून. इतक्या वर्षांत कुणाची त्याबद्दल तक्रार ऐकली नाही.

आता ही मंडळी आली कधी आणि का? त्यांची मूळ गावं बहुतेक यझद आणि केरमान या दोन शहरांच्या आसपासची. वाळवंटाच्या कडेला, राजधानीपासून लांब, म्हणून जरथुष्ट्री वस्ती तिथं टिकून राहिली. टिकली, पण हलाखीत. बिगर-मुस्लिमांवरचा जिझिया कर होता, कपड्यांवर आणि घोड्यावर बसण्यावर निर्बंध होते, वर 1870 ते 72 चा भीषण दुष्काळ. मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हटारिया या गृहस्थांना तिकडं पाठवलं. हटारियांनी पुढची कित्येक वर्षं तिथं शाळा काढल्या, अग्निमंदिरं दुरुस्त केली, दरबारात खेटे घातले. अखेर 1882 साली नासिरुद्दीन शहानं जरथुष्ट्रींवरचा जिझिया उठवला. या सगळ्यात यझदच्या लोकांना एक गोष्ट कळली होती: समुद्रापलीकडं मुंबई नावाचं शहर आहे, आणि तिथं आपल्या धर्माची माणसं गिरण्यांची मालक आहेत. काफिल्याबरोबर बंदर अब्बास, तिथून बोटीनं मुंबई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा ओघ चालू राहिला.

या माणसांजवळ सामान थोडं होतं आणि आडनाव अजिबात नव्हतं.

हे लक्षात घेतलं की पुढचं सगळं उलगडतं. त्या काळी इराणातल्या सामान्य माणसाला आजच्या अर्थानं आडनाव नसे. रुस्तम कोण, तर बहरामचा मुलगा. तेवढ्यावर गावात भागे. मोठ्या लोकांना दरबारी किताब असत, मुल्लांना गावाची नावं, व्यापाऱ्यांना हाजी वगैरे. इकडं मुंबईत मात्र ब्रिटिशांचं दप्तर. भाडेपावती, दुकानाचा परवाना, शाळेचा दाखला, सगळीकडं तिसरा रकाना. नाव, वडिलांचं नाव, आणि? तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते एव्हाना गल्लीनं ठरवलेलं होतं. कोण तो? तो इराणी. पुण्यात 1894 साली जन्मलेल्या मेरवानचे वडील शेरियार मुंदेगार हे यझदजवळून आलेले. मुलाचं नाव कागदावर झालं मेरवान शेरियार इराणी. जग त्यांना पुढं मेहेरबाबा म्हणून ओळखू लागलं. नगरजवळच्या मेहेराबादला त्यांची समाधी आहे. एका पिढीत मुंदेगार गळालं आणि इराणी आलं.

आणि हे कोर्टातही पोचलं. पारसी म्हणजे नेमकं कोण, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. पेटिट विरुद्ध जीजीभाई या नावानं तो खटला ओळखला जातो. 1908 च्या निकालात न्यायमूर्तींनी पारसी समाजात कोण कोण मोडतं ते सांगितलं, आणि त्यात पर्शियातून कायमचे किंवा तात्पुरते आलेले, जरथुष्ट्री धर्म पाळणारे इराणी स्पष्टपणे घेतले. म्हणजे ‘इराणी’ हा शब्द गल्लीतून कायद्याच्या पुस्तकात गेला तेव्हा इराणमध्ये आडनावाचा कायदाही झालेला नव्हता.

तो कायदा नंतर आला. 1918 साली तेहरानमध्ये नागरिकांची नोंदणी सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशातली पहिली ‘शेनासनामे’, म्हणजे ओळखपुस्तिका, काढली गेली, आणि ती कुणाच्या नावे असावी? फातिमा इराणी. मघाशी मी म्हटलं की इराणमध्ये हे आडनाव कशाला असेल. तर हे घ्या, वहीतलं पहिलंच नाव. पण या दोन इराणींत फरक आहे. तेहरानची इराणी निवडलेली, देशाभिमानाच्या नव्या वाऱ्यातली. मुंबईचा इराणी शेजाऱ्यांनी ठेवलेला.

1925 साली आडनाव सक्तीचं झालं आणि दरबारी किताब रद्द झाले. मग एकच गडबड उडाली. पुढं शहा झालेल्या रझाखाननं ‘पहलवी’ घेतलं आणि त्याच नावाची राजवट सुरू केली. ‘मोसद्देग-उस-सल्तने’ हा किताब असलेल्या गृहस्थांनी त्याचा पुढचा तुकडा ठेवला आणि ते, म्हणजे पुढचे पंतप्रधान, मोहम्मद मोसद्देग झाले. सामान्य लोकांनी बापाचं नाव घेतलं, धंद्याचं घेतलं, गावाचं घेतलं, काहींनी सरळ आवडेल ते घेतलं. वर एक नियम असा की एका नोंदणी विभागात एकानं घेतलेलं आडनाव दुसऱ्याला त्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. मग काय, शेपट्या जोडा. ‘ज़ादे’ म्हणजे अमक्याच्या पोटी जन्मलेला, ‘पूर’ म्हणजे मुलगा, ‘नेजाद’ म्हणजे वंशाचा. ‘अस्ल’ म्हणजे अस्सल, मूळचा. हे शेपूट बघितलं की मला ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी आठवते. फडणवीस, चिटणीस, इनामदार अशी फारसी शेपटाची आडनावं पिढ्यान् पिढ्या लावणाऱ्या मराठी माणसाला हा प्रकार फार परका वाटू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. इराणमधून बाहेर गेलेल्या कुटुंबाचं आडनाव बघितलं तर ते साधारण कधी निघालं याचा अंदाज बांधता येतो. 1925 च्या आधी निघालेल्यांना परक्या गावानं नाव दिलं: इराणी, शिराझी. नंतर निघालेल्यांच्या खिशात सरकारी शिक्क्याचं आडनाव आधीच होतं. 1979 च्या क्रांतीच्या आगेमागे जे लाखो लोक अमेरिका, कॅनडा, युरोपात गेले ते दुसऱ्या गटातले. उबरचे प्रमुख दारा खोस्रोशाही तेहरानमध्ये 1969 साली जन्मले, नऊ वर्षांचे असताना कुटुंबाबरोबर अमेरिकेला गेले. आडनावात तब्रीझजवळचं खोस्रोशाह हे छोटं गाव, शेवटी तोच ई. ईबेचे संस्थापक पियेर ओमिद्यार यांचं आडनाव ‘उमेद’ आणि ‘यार’ या दोन शब्दांचं, तेही आपल्या कानाला ओळखीचे. लॉस एंजेलिसच्या ज्या भागाला लोक गमतीनं ‘तेहरानजेलिस’ म्हणतात तिथल्या पाट्यांवर असली भरघोस आडनावं दिसतात. यझदहून 1890 मध्ये आलेल्या माणसाची मुंबईतली पणती आणि तिच्या यझदमध्येच राहिलेल्या चुलत घराण्यातली मुलगी उद्या लॉस एंजेलिसमध्ये भेटल्या, तर एकीचं आडनाव इराणी असेल आणि दुसरीचं भलतंच काहीतरी. नातं आडनावावरून लागणारच नाही.

हे दोन थर एकाच ठिकाणी बघायचे असतील तर 1933 सालचा एक चित्रपट बघावा. निर्माते अर्देशीर इराणी. जन्म 1886, पुणे. हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ त्यांचा, 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्यांनी दोन वर्षांनी आपल्या इम्पीरियल कंपनीत ‘दोख्तर-ए-लोर’ नावाचा फारसी बोलपट काढला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तो फारसीतला पहिला बोलपट. तेहरानात नाही, मुंबईत बनलेला. लेखक आणि नायक अब्दुलहुसेन सेपंता. ‘सेपंता’ म्हणजे पवित्र, अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथाच्या भाषेतून उचललेला शब्द. नायिका रूहअंगीझ सामीनेजाद, तिचा नवरा याच स्टुडिओत कामाला होता. तिचे बोल इतके केरमानी वळणाचे होते की संहितेत तसे फेरफार करावे लागले. तर श्रेयनामावलीत हे तिघं: पुण्यात जन्मून इराणी झालेला पुणेकर, जुन्या धर्मभाषेतून आडनाव आणलेला सेपंता, आणि शेपूटवाल्या नव्या वळणाची सामीनेजाद. अख्खा इतिहास एका पाटीवर.

हे आडनाव आज सापडतं कुठं? पारसी जिथं जिथं गेले तिथं, म्हणजे मुंबई, पुणे, गुजरातची शहरं, हैदराबाद, कराची. वेगळा आकडा मागू नका, कारण जनगणना धर्म मोजते, आडनाव नाही. 2011 साली भारतात 57,264 पारसी मोजले गेले, त्यातच हे आले. त्या मानानं सार्वजनिक जीवनात ही मंडळी भरपूर दिसतात. टाटा स्टीलचे जमशेद इराणी जन्मानं नागपूरकर. क्रिकेटमधला इराणी चषक 1959-60 पासून खेळला जातो, तो नियामक मंडळाचे पदाधिकारी झाल इराणी यांच्या नावे. दूरवरच्या आडगावातला पोरगाही ‘इराणी ट्रॉफी’ म्हणतो आणि त्याला त्यात इराण दिसत नाही. बोमन इराणी, अरुणा इराणी, डेझी आणि हनी इराणी यांची ओळख करून द्यायला नको. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’च्या कॅमेऱ्यामागे फरेदून इराणी होते, हे मात्र सांगायला हवं.

स्मृती इराणींचं आडनाव लग्नानं आलेलं, आणि इथं एक मजेशीर उलटापालट आहे. खुद्द इराणमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही. ओळखपुस्तिकेत शेवटपर्यंत वडिलांचंच राहतं. नवऱ्याचं लावायचा रिवाज इथला. तेव्हा लग्न करून ‘इराणी’ होणं ही गोष्ट पूर्णपणे भारतीय आहे.

भारताबाहेर हे नाव दिसलं तर लगेच मुंबई गाठू नये. इंग्लंडकडून कसोटी खेळलेला रॉनी इराणी लँकेशायरमध्ये जन्मला. त्याचे वडील भारतातून गेलेले, म्हणजे ते नाव यझदची वाट मुंबईवरून चालून तिथं पोचलं. उलट ऑक्सिडेंटल पेट्रोलियम या अमेरिकी तेल कंपनीचे अनेक वर्षं प्रमुख असलेले रे इराणी बैरूतचे. अरबीतही हाच ई आहे, आणि तिकडंही ‘इराणकडचा’ माणूस इराणीच होतो. अक्षरं तीच, दार वेगळं. नाव सारखं म्हणून नातं जोडायची हौस आपल्याला फार. इथं ती आवरावी.

आखाताच्या पलीकडच्या तीरावर मात्र इतकं ढोबळ नाव फारसं कामाचं नाही. कुवेतमध्ये मूळच्या इराणी घराण्यांची आडनावं बेहबहानी, दश्ती अशी आहेत. बेहबहान हे शहर, दश्ती हा बुशेहरकडचा मुलूख. समोरच्या किनाऱ्यावरची गावं कुवेतच्या माणसाला पाठ. त्याला ‘इराणी’ सांगून काय कळणार? आपण नाही का, पुण्यात कुणाला ‘वाईचा’ म्हणतो, दिल्लीत ‘महाराष्ट्राचा’ आणि दुबईत ‘इंडियाचा’. जितकं लांब जावं तितका नावातला मुलूख मोठा होत जातो. मुंबईच्या नाक्यावरच्या गिऱ्हाईकाला यझद आणि केरमानमधला फरक कळणार नव्हता, म्हणून तिथं देश लागला.

झांझिबारची गोष्ट याहून वेगळ्या वळणाची. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे कित्येक लोक स्वतःला शिराझी म्हणवतात, बोलतात स्वाहिली. शिराझहून सात गलबतांतून पूर्वज आले अशी त्यांची कथा. कित्येक अभ्यासक ती निव्वळ प्रतिष्ठेसाठी रचलेली मानत. 2023 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात तिथल्या मध्ययुगीन थडग्यांमधल्या हाडांचा डीएनए तपासला, तेव्हा साधारण इसवी सन 1000 च्या सुमारास पुरुषांच्या बाजूनं इराणी रक्त मिसळल्याच्या खुणा सापडल्या, आईच्या बाजूनं वंश बहुतांशी आफ्रिकी. सात गलबतं खरी की नाहीत ते राहू दे, कथा पोकळ नव्हती. तिथं हे नाव आडनावापेक्षा जमातीचं आहे, आणि 1957 साली तर त्याचा राजकीय पक्षही झाला: आफ्रो-शिराझी पार्टी.

आपल्याकडंही आडनाव आणि जमात यांची गल्लत होतेच. मराठीत ‘इराणी’ निदान तीन गोष्टींना म्हणतात. एक आडनाव, त्याचं झालं. दुसरा कोपऱ्यावरचा इराणी, म्हणजे हॉटेल: “चल, इराण्याकडं बसू.” मालकाचं आडनाव काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, तो जरथुष्ट्री असेल किंवा त्याच यझदकडचा शिया मुसलमान. तिसरे कल्याणजवळ आंबिवलीला किंवा पुण्यात शिवाजीनगरला वस्ती करून राहिलेले, पिढ्यांपूर्वी भटकत आलेले शिया लोक. त्यांची बोली फारसीच्या नात्यातली, पण त्यांच्यात आडनावं सय्यद, जाफरी अशी ऐकू येतात. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘इराणी’ आलं की या तिघांची खिचडी होते, आणि आमच्या त्या वर्गमित्रासारख्यांना फुकटची उत्तरं देत बसावं लागतं. त्यात डोंगरीची मशीद आणखी भर घालते. 1860 साली ती बांधली हाजी मोहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्यानं, तिथं जाणारे इराणी, घडण इराणी, निळ्या फरशा इराणी. आणि मुंबई तिला म्हणते मुघल मशीद! त्या काळच्या मुंबईत इराणी मुसलमान व्यापाऱ्याला ‘मोगल’ म्हणत असत. म्हणजे जरथुष्ट्री आला तर इराणी, मुसलमान आला तर मोगल. गल्लीनं एकाच देशाच्या माणसांना दोन नावं वाटून टाकली.

हा खेळ उलट्या दिशेनंही चालला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अवधमधल्या बाराबंकीजवळच्या किंतूर गावचे सय्यद अहमद मुसवी हे शिया गृहस्थ इराकमार्गे इराणला गेले आणि खोमेन या छोट्या गावात स्थायिक झाले. हिंदुस्थानातून आलेला म्हणून गाव त्यांना ‘हिंदी’ म्हणू लागलं. पुढं 1925 चा कायदा आला तेव्हा त्यांच्या तीन नातवांनी कागदावर तीन वेगळी आडनावं लावली. थोरला मोर्तझा पसंदीदे झाला. मधला नूरुद्दीन, त्यानं आजोबांचं ‘हिंदी’च ठेवलं. धाकट्याच्या पुस्तिकेत मुस्तफवी लिहिलं होतं, पण गाव सोडून शिकायला बाहेर पडल्यावर लोक त्याला गावाच्या नावानं ओळखू लागले: रुहोल्ला खोमेनी.